कोपरा फाटलेलं पत्र

मागच्या झेंडावंदनाला आमच्या भालकीजवळच्या मेहकरच्या शाळेत मला बोलावून शाल पांघरवली, नारळ हातात दिला आणि कुठल्याशा तरण्या पाहुण्यानं माईकवर माझं कौतुक केलं. नवरा लढाईवर असताना या माउलीनं तान्हं लेकरू छातीशी धरून किती शांतपणे, किती धीरानं वाट पाहिली, असं तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीत बसून होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, शांतपणे? कुणी सांगितलं रे बाबा तुला? तू त्या वेळी जन्माला तरी आला होतास का? माईक माझ्या हातात दिला असता तर तिथंच सांगितलं असतं. पण बायांना शाल देतात, माईक देत नाहीत. घरी आले, शाल सुनेच्या अंगावर टाकली आणि नातीकडून तिची एक कोरी वही मागून घेतली. धीर-बिर काही नव्हता माझ्याजवळ. राग होता. तो पन्नास वर्षांत जिरला नाही, आता काय जिरणार! म्हणून लिहायला बसले आहे.

माझं माहेर निंबर्गा, आळंद तालुक्यातलं. घरात मराठी, शाळेत कानडी आणि बाजारात गेलं की मुसलमानी, अशा तीन बोली जिभेवर घेऊन मी मेहकरला नांदायला आले. आई मी लहान असतानाच वारलेली. इथं आले तर सासूही माझ्या लग्नाच्या आधीच गेलेली. त्यामुळं पहिलटकरणीनं माहेरी जायचं असतं ते माझ्या नशिबी आलंच नाही. वडिलांनी निरोप धाडला, "हितं तुजं करणारं कोण हाय बाई? तितंच ऱ्हा." माझे मालक फौजेत. लग्न झाल्यापासून त्यांच्या दोन सुट्ट्या माझ्या वाट्याला आलेल्या, आणि दुसऱ्या सुट्टीहून ते गेले तेव्हा मला दिवस गेल्याचं माझं मलाही ठाऊक नव्हतं. घरात राहिलो मी आणि माझे सासरे. त्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं, मीही अप्पाच म्हणायची. दोन बैलं, एक म्हैस, आणि दिवसभर एकमेकांशी चार शब्द बोलणारी आम्ही दोन माणसं.

बाळंतपण केलं रहिमाबीनं. आमच्या भिंतीला भिंत लावून तिचं घर होतं. गावातली निम्मी लेकरं तिच्या हातावर जन्मलेली. "रोती कायकू गे? रोने कू उमर पडी है, अब्बी जोर लगा," असं म्हणत तिनं मला असं दमात घेतलं की मी कळा विसरून तिच्यावरच चिडले. पोरगा झाला. माझी मोठी नणंद शकुअक्का तिच्या सासरहून खारीक, खोबरं, डिंक घेऊन आली, बारा दिवस राहिली आणि गेली, कारण तिचीही सुगी होती. मग राहिले मी एकटी. सकाळी रहिमाबी येऊन बाळाला न्हाऊ घालायची, ओव्याची आणि लसणाच्या सालीची धुरी द्यायची. त्या वासानं ती अंधारी खोली भरून जायची. ती गेली की संध्याकाळपर्यंत दुसऱ्या बाईमाणसाचा आवाज कानावर पडायचा नाही. अप्पा बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचे नाहीत. म्हशीचं दूध काढून तापवायचे आणि तांब्या उंबऱ्यावर ठेवून खोकायचे. ते खोकले की मी समजायचं, दूध आलं. हे मला लिहायलाच पाहिजे, कारण पुढं मी त्या माणसाबद्दल बरंवाईट लिहिणार आहे. चुलीपाशी कधी न बसलेल्या माणसानं सहा महिने माझ्यासाठी दूध तापवलं, एकदाही ऊतू जाऊ दिलं नाही.

फौजेतनं पत्र यायचं ते अप्पांच्या नावानं. नवऱ्यानं बायकोच्या नावानं पत्र लिहिणं म्हणजे चावडीवर तिचा हात धरण्यासारखं होतं तेव्हा. पण वाचायची मी. अप्पा अडाणी होते असं नाही. निजामाच्या राज्यातली त्यांची शाळा, उर्दू ते पाण्यासारखं वाचायचे. मराठी अक्षर मात्र त्यांना यायचं नाही. म्हणून पत्र आलं की ते अंगणात घोंगडीवर बसायचे, मी दाराआड उभी राहून मोठ्यानं वाचायची, आणि संपलं की ते म्हणायचे, "पुन्यांदा वाच." पोरगा झाल्यावर मीच पत्र लिहिलं. तुमच्यासारखं नाक आहे, अंगानं बरा आहे, नाव अजून ठेवलं नाही, तुम्ही आल्यावर ठेवायचं असं अप्पा म्हणतात, एवढं लिहिलं आणि भालकीच्या बाजाराला जाणाऱ्या माणसाच्या हाती टपालात टाकायला दिलं. मग उत्तराची वाट पाहत बसले. पोराला मी नुसतं बाबू म्हणायची.

दोन महिन्यांचं लेकरू घेऊन मी शेतात जायला लागले. न जाऊन सांगते कुणाला? तूर काढणीला आलेली, गडी मिळेना. बाभळीला झोळी बांधायची, तीत बाबूला टाकायचं आणि एक कान तिकडं ठेवून विळा चालवायचा. छातीत दूध दाटून पोलकं भिजायचं, मुंग्या झोळीच्या दोरीवर चढायच्या. आणि त्यातच ती बंगालकडची लढाई सुरू झाली. गावात एकच रेडिओ, अडत्याच्या दुकानात. संध्याकाळी सगळे बापे तिथं गोळा व्हायचे, आणि येताजाता माझ्या दारात थांबून मलाच विचारायचे, "काय म्हणतोय वैजनाथ? कुठवर गेली म्हणायची फौज?" वैजनाथ हे माझ्या मालकांचं नाव. जशी काय फौज मला विचारून पुढं सरकत होती! एकानं कधी म्हटलं नाही, की बाई, तुझी पाण्याची घागर दे, मी भरून आणतो. लढाईचं कौतुक सगळ्यांना, लढाईवाल्याच्या बायकोची घागर जिथल्या तिथं.

येळवशीच्या आधी दोन-चार दिवसांपासून अप्पा बदलले. आधी रेडिओला रोज जायचे, ते बंद झालं. पत्राचं विचारणं बंद झालं. मी म्हणायची, "अप्पा, डाकवाला येऊन गेला का?" तर दुसरीकडंच बघायचे. येळवस म्हणजे आमच्या भागातला सगळ्यात मोठा सण, मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी सारं गाव घर सोडून शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून पूजा मांडायची, वाल-वाटाण्याची भज्जी, बाजरीचे उंडे, माठभर ताकातली आंबील, आणि मग घरधन्यानं पिकाभोवती फिरत आंबील शिंपडायची. मी पहाटेपासून एकटीनं सगळं रांधलं होतं. लढाई आपण जिंकली, थांबली, असं आदल्या दिवशीच रेडिओवर सांगितलेलं. शेजारच्या वावरात लोक आनंदानं ओरडत होते. अप्पा आंबिलीचा तांब्या घेऊन ज्वारीत शिरले आणि मधेच उभे राहिले. किती तरी वेळ तसेच उभे. मी हाक मारली, "अप्पा, पुरं करा की." ते परत आले, तांब्या खाली ठेवला, बाबूला झोळीतनं उचललं आणि त्याच्या टाळूवर तोंड ठेवून बसून राहिले. भज्जीला हात लावला नाही. मला वाटलं, लेकाची आठवण आली असेल. मला तर त्यांचा रागच आला, एवढं केलेलं मेलं कुणी खाल्लं नाही म्हणून. काय मूर्ख होते मी!

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत त्यांनी परस्पर शकुअक्काला बोलावणं धाडलं आणि मला म्हणाले, "लेकराला तोटल्यात घालू. नाव ठिवून टाकू." तोटलं म्हणजे पाळणा, कानडीतला शब्द आमच्याकडं सर्रास. मी म्हटलं, "पर तुमीच म्हणलाव की, त्येचा बाप आल्यावर." अप्पा म्हणाले, "किती दिस ऱ्हावं बिननावाचं लेकरू?" आवाज एकदम मऊ. या माणसानं माझ्याशी कधी मऊ आवाजात बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

बारशाच्या दिवशी दुपारी घर बायांनी भरलं. शकुअक्कानं हुग्गी केली होती, गव्हाची खीर, गूळ घालून. पाटीभर घुगऱ्या शिजवल्या होत्या. बायका नेहमीसारख्या चेष्टा करत होत्या, कुणी माझ्या पोराच्या नाकाला नावं ठेवत होतं, कुणी माझ्या लुगड्याला. रहिमाबी कोपऱ्यात पान लावत बसलेली. बाबूला पाळण्यात घातलं. आता आत्यानं कानात नाव सांगायचं, आणि बाकीच्या बायांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. एक म्हातारी मधेच म्हणाली, "अगं शकू, काय नाव ठिवायलीस ते तरी कळू दे की आमाला." शकुअक्कानं खाली मान घातली आणि म्हणाली, "वैजनाथ."

घुगऱ्या चघळणारी तोंडं एकदम थांबली. आता माझ्या नातसुनेला हे कळत नाही. ती मोबाइलमध्ये बघून नाव काढते आणि तिला वाटतं नावं ही भाजीसारखी, पाहिजे ते घ्यावं. आमच्याकडं घराण्यातलं नाव लेकराला ठेवतात ते मेलेल्या माणसाचं. आजा गेला की नातवाला आज्याचं नाव, चुलता तरणाताठा गेला की पुतण्याला चुलत्याचं. जित्या माणसाचं नाव कुणी पाळण्यात घालत नाही. आणि बापाचं नाव लेकाला पडतं ते फक्त लेकाला नाव पडायच्या आधीच बाप गेला तर. त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला हे कळत होतं. एकजण पदर तोंडाला लावून मुसमुसायला लागली. मला मात्र एक क्षण काही उमगलं नाही. मी शकुअक्काकडं बघत राहिले. मग उमगलं आणि राग चढला. दुःख नाही, आधी राग. हे मी छातीठोक सांगते, आधी राग.

"अक्का," मी म्हटलं, "ह्ये कुणाचं नाव घ्यायल्या तुमी?"

ती रडायलाच लागली. "म्या काय करू गं निलम्मा? अप्पानं सांगितलं. पत्र आलतं. कोपरा फाटलेलं."

ज्यांनी पत्रंच कधी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मयताची बातमी द्यायची असली की पत्राचा कोपरा फाडून धाडायचे. हाती घेतल्याबरोबर कळावं म्हणून. असलं पत्र उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, बाहेरच वाचायचं, वाचून लगेच फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. हा रिवाज मलाही माहीत होता, माझ्या आईच्या मयताची पत्रं वडिलांनी माझ्यासमोर तशीच कोपरे फाडून धाडली होती. पण मी तेव्हा काही विचार केला नाही. पाळण्यातनं बाबूला उचललं आणि तशीच अंगणात गेले. डोक्यावर पदर होता की नव्हता आठवत नाही. अप्पा चार बाप्यांबरोबर घोंगडीवर बसले होते. चारचौघांत सासऱ्यासमोर मी कधी दाराच्या बाहेर उभी राहिले नव्हते, त्या दिवशी त्यांच्या घोंगडीवर पाय देऊन उभी राहिले.

"अप्पा, पत्र आलतं?"

"व्हय."

"कवा?"

"येळवशीच्या आदी. शिवंवर डाकवाला भेटला, हातात दिलं त्येनं."

"काय लिवलं व्हतं?"

त्यांनी घोंगडीची दशी पिरगळली.

"कुणी वाचलं? कुणाकडून वाचून घेतलाव?"

"वाचायचं काय त्येच्यात पोरी?" त्यांनी अंगठ्याचं नख दाखवलं. "हितका कोपरा फाटलेला व्हता."

"म्हंजे फोडलंच न्हाई?"

"असलं पत्र घरात आणत न्हाईत. फाडलं, वड्याच्या पाण्यात सोडून दिलं. तुला कसं सांगावं? वली बाळंतीण तू. दूध आटलं असतं तुजं. ह्या लेकरानं काय प्यावं मग?"

फोडलं नाही! सगळ्या घरात मराठी वाचणारी एकटी मी, भिंतीपलीकडं बसलेली, आणि यांनी न फोडता पत्र फाडलं. कोपरा वाचला यांनी, पत्र नाही वाचलं. "उंदरानं कुरतडला असंल कोपरा!" मी ओरडले. "थैल्यात घासून फाटला असंल! लढाईतनं आलेलं पत्र त्ये, लग्नाची पत्रिका व्हती का कुणी जपून आणायला? सरकार मयताची तार करतंय अप्पा, तार! तार आली का? न्हाई ना? मग कामून मारलाव त्यान्ला? जिता माणूस कामून मारलाव?"

"निलम्मा, आत जा," अप्पा म्हणाले. सगळे बापे खाली बघत होते. बायका दारात दाटलेल्या.

मी आत गेले नाही. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नसतं. उखाण्यात घ्यायचं, तेही लाजत, हसत. पोराला तेच नाव पडलं असतं तर मला माझ्या पोराला जन्मभर हाक मारता आली नसती, हेही माझ्या मनात त्याच घटकेला आलं आणि मी आणखी भडकले. गळ्याच्या शिरा ताणून मी म्हटलं, "वैजनाथ जिता हाय! ऐका समदे. वैजनाथ जिता हाय, अन् त्येचं नाव त्येच्याकडंच ऱ्हाईल. ह्या लेकराला त्ये नाव लागणार न्हाई."

"अगं, नवऱ्याचं नाव घ्यायलीस? चार माणसांत?" कुणी तरी म्हातारा म्हणाला.

"घ्यायले. तुमी त्यान्ला मातीत घातलाव तवा लाज वाटली न्हाई, मला नाव घ्यायला वाटावी व्हय?"

शकुअक्का मागून येऊन म्हणाली, "मग लेकराला काय बिननावाचं ठिवतीस का?" तिच्या हातात अजून घुगऱ्यांची वाटी होती. मी बाबूचा कान तोंडाशी धरला आणि पहिलं सुचलं ते नाव सांगितलं. निंबर्ग्याच्या शाळेत कानडी पहिलीच्या पुस्तकात रमेश नावाचा एक पोरगा होता. तो सकाळी उठायचा, दात घासायचा आणि शाळेला जायचा, एवढंच. आमच्या घराण्यात, गावात कुणाचं नाव रमेश नव्हतं, कुणी रमेश मेलेला नव्हता. "रमेश," मी म्हटलं, पुन्हा मोठ्यानं म्हटलं, आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. बाहेरून रहिमाबीचा आवाज आला, "बच्ची सच बोलती. खत पढे बगैर मय्यत कैसी जी?" तिच्याशी त्या दिवसापासून गावातल्या दोन बायका बोलेनाशा झाल्या.

पुढचे तीन महिने मी कसे काढले ते कुणाला विचारायचं असेल तर या वहीला विचारा, त्या पाहुण्याला नको. मला काय, खात्री होती? कसली खात्री! मी ओरडले होते ते रागानं, माहिती होती म्हणून नाही. कोपरा कुणी मुद्दाम फाडलेला असेल तर? रोज तोच विचार, झोळी हलवताना, ज्वारीची कणसं खुडताना. मी फौजेच्या पत्त्यावर दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. बायका काही ना काही निमित्त काढून यायच्या आणि आधी माझ्या कपाळाकडं बघायच्या, कुंकू आहे का पुसलं ते बघायला. त्यांच्या नाकावर टिच्चून मी कुंकू रुपयाएवढं लावायला लागले. मला नवऱ्याचाही राग यायचा. एक ओळ लिहायला काय होतं या माणसाला? जिवंत असून लिहीत नसेल तर येऊ दे, बघते. आणि मेला असेल तर मला न विचारता मेलाच कसा? असला राग. पोरगं तापानं फणफणलं तेव्हा मी त्याला कडेवर घेऊन एकटी भालकीला डाक्तराकडं गेले, अप्पा मागून बैलगाडी घेऊन आले तरी बसले नाही, त्या उन्हातनं पायी चालत गेले. अप्पा गाडी माझ्या मागं पावलापावलानं हाकत आले, सगळा रस्ता. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. दूध मात्र उंबऱ्यावर यायचं, खोकल्याशिवाय.

आज मी त्यांच्या वयाची झाले, त्यांच्यापेक्षाही मोठी, तेव्हा मला एक कळतं. एकुलता लेक. पत्र हातात पडलं तेव्हा शिवेवर एकटा माणूस. कुणाकडून वाचून घ्यावं तर गावभर होणार, सुनेच्या कानावर जाणार, तिचं दूध आटणार. आणि लेकाचं नाव घरात पुन्हा कुणीच घेणार नाही, ही भीती. ते नाव रोज ऐकायला मिळावं म्हणून ते पाळण्यात घालायला निघाले होते. मला हे कळतं. पण कळलं म्हणून राग गेला असं होत नाही. लोकांना वाटतं, म्हातारं झालं की सगळं माफ करता येतं. मला नाही आलं.

पाडव्यानंतर भर उन्हाळ्यात, मी अंगणात चिंचा फोडत बसले होते, आणि हे दारात उभे राहिले. डोक्यावर लोखंडी पेटी, अंगानं निम्मे झालेले, उजव्या हाताच्या दोन बोटांना वाकताच येत नव्हतं. मी बत्ता हातात घेऊन तशीच बसून राहिले. रमेश नुकता बसायला लागला होता. त्यांच्या मिशा बघून त्यानं भोकाड पसरलं. रहिमाबी भिंतीवरून बघून "या अल्ला" म्हणाली आणि तिनंच शेताकडं माणूस पिटाळला. अप्पा शेतातनं अनवाणी धावत आले. म्हातारा माणूस, तापलेल्या रस्त्यानं, अनवाणी. लेकाला धरून उभे राहिले ते सोडेनातच. मी चुलीकडं गेले. भाकरी थापली, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, कैरीचा ठेचा. दोघं बाप-लेक शेजारी जेवायला बसले. हे सांगत होते, हाताला लागलं होतं, दवाखान्यात होतो, लिहिता येईना. "दुसऱ्याच्या हातानं लिवून घेतलं असतं, पर परकं अक्षर बगून तुमी घाबरला असता." अरे वा! बापाला कोपऱ्याची भीती, लेकाला अक्षराची, आणि मधे मी जळत बसले होते. मी भाकरी जरा जोरातच आपटली ताटात.

मग त्यांनी रमेशकडं बघून विचारलं, "नाव काय ठिवलाव लेकराचं?"

"रमेश," मी म्हटलं.

"कुणी ठिवलं?"

अप्पांनी ताटातनं वर न बघता सांगितलं, "तिनं."

हे हसले. कित्येक महिन्यांनी त्या घरात कुणी तरी हसलं. "मग हाताला लागायच्या आदीचं माजं पत्र पोचलं म्हणायचं," ते म्हणाले. "त्येच्यात लिवलंच व्हतं की म्या. माजी वाट बगू नका, नाव तिच्या मनानं ठिवू द्या, कुणी मदी पडू नका. एकटीनं केलंय तिनं समदं."

अप्पांचा घास हातातच राहिला.

"पोचलं न्हाई," मी म्हटलं, आणि मग सगळं सांगितलं, अप्पांच्या तोंडावर, एक शब्द न गाळता. शीव, कोपरा, ओढा, पाळणा, कुणाचं नाव घालायला निघाले होते ते, आणि मी अंगणात कशी ओरडले ते. जे मला लिहून दिलेलं होतं, ते मी सगळ्या गावासमोर बेशरम होऊन, भांडून, हिसकावून घेतलं होतं. यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "जाऊ दे निलम्मा. अप्पाला काय ठावं?"

अप्पा ताटावरून उठले. खरकटे हात तसेच जोडून माझ्यासमोर उभे राहिले. सासरा सुनेला हात जोडतोय म्हटल्यावर सुनेनं पदर सावरावा, असं करू नका म्हणावं, पाया पडावं. माझे मालक माझ्याकडं बघत होते, मी ते करावं म्हणून. मी जागची हलले नाही.

"मला माजं पत्र पायजे," मी म्हटलं. "आणून द्या."